मस्कादेचा पेला

"मस्कादे आहे," ऋजुता कुजबुजली. "बाटलीला कापड मीच गुंडाळलंय. कुणाला बोलू नकोस, बाई."

पेले पुसता पुसता अक्षयाचे हात थांबले.

मेडनहेडला, थेम्सकाठी, अंबरीश सरांचं मालवणी जेवणाचं रेस्टॉरंट होतं. कुठल्या मासळीसोबत कुठली वाइन, हे गिऱ्हाइकाला सांगायचं काम अक्षयाचं. सगळा नाकाचा कारभार. आणि जानेवारीतल्या तापापासून नाकच रुसून बसलं होतं. कॉफी नुसती गरम लागायची, फोडणी नुसती तडतडायची, लेकाचं, विहानचं, न्हालेलं डोकं नुसतं ओलं.

हे ठाऊक होतं तिच्यासोबत काम करणाऱ्या एकट्या ऋजुताला. तीन महिने प्रत्येक बाटली आधी ती हुंगायची आणि जाता जाता अक्षयाच्या कानात सांगायची.

अक्षयाचा व्हिसा मेअखेर संपत होता. वाढवायचा तर सरांची सही हवी. सहीआधी नाव झाकलेल्या बाटलीतला एक पेला चाखून वाइन ओळखून दाखव, असं सरांनी काल सांगितलं होतं.

"सरांना खरं सांगून टाकू का गं?"

"वेडी का तू? विहानची शाळा अर्ध्यात सोडून पुण्याला जाणारेस? मी आहे ना! बोल, द्राक्ष कुठलं?"

"मलों."

"गाव?"

"फ्रान्समधली लुआर नदी समुद्राला मिळते, तिथलं."

"आणि सोबत काय वाढशील?"

"कालवं. तिसऱ्या. कुरकुरीत बोंबील."

"अगं, घडाघडा पाठ की! फक्त घाई करू नकोस. हुंगताना डोळे मीट जरा, छान दिसतं." ऋजुतानं तिची कॉलर सारखी केली, कपाळावरची बट मागे सारली.

अकरा वाजता, अजून दार उघडलं नव्हतं, तेव्हा सर कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसले. समोर व्हिसाचा कागद, त्यावर पेन. ऋजुतानं कापडातल्या बाटलीतून पांढऱ्या वाइनचे दोन पेले भरले.

अक्षयानं पेला गोल फिरवला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला, मग एक घोट. आत गारवा गेला. दुसरं काहीच नाही.

"बोल," सर म्हणाले.

"लिंबाची साल, सर. हिरवं सफरचंद. आणि मागून येणारं खारं वारं." बोलता बोलता तिच्या आवाजात ऊब आली, जुने वास आठवणीतून एकेक करून पुढे येऊ लागले. "मस्कादे आहे. द्राक्ष मलों. महिनोन्‌महिने यीस्टच्या गाळावरच ठेवलेली, म्हणून शेवटी किंचित भाकरीची चव. कालवांबरोबर द्यावी, तिसऱ्यांबरोबर द्यावी. बोंबलाचं तेलही ही जिभेवरून धुऊन नेते."

सर हसले. "वा! संध्याकाळी मोठी पार्टी आहे. हीच देशील?"

"डोळे झाकून देईन, सर."

"बाटली चांगली आहे?"

"अगदी ताजी, सर. एक नंबर."

सरांनी आपला पेला नाकाशी नेला आणि लगेच दूर सारला.

"बूच खराब आहे हिचं, अक्षया. ओल्या पुठ्ठ्याचा नुसता भपकारा येतोय. नवशिक्यालाही कळेल."

अक्षयानं ऋजुताकडे पाहिलं. ऋजुता खाली मान घालून बाटलीवरचं कापड सोडवत होती.

सरांनी कागदाची घडी केली, सही न करताच खिशात ठेवली.

"तू म्हणालीस ते खरं निघालं, ऋजुता," ते म्हणाले. "आणि बाटलीही अगदी हवी तशी शोधलीस."