रिकामी पट्टी

सरकारी अनुदान अडकल्यामुळे तीन महिने बंद असलेला फिरता दवाखाना चिखलीच्या पत्राचाळीत पुन्हा आला. निशिगंधा सिस्टरने त्याच जुन्या नियमाने रांग लावली: बीपीच्या पंधरा गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवा, नवी घ्या. कुशाबाईंचं बीपी एकशे नव्वद निघालं. “आजी, गोळ्या सोडल्या होत्या का?” “न्हाई वो सिस्टर. आठवड्याला एकच घेत हुते. गाडी येईस्तवर पुरवायच्या हुत्या न्हवं?” म्हातारीने दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून पट्टी काढून मोठ्या कौतुकाने दाखवली; अजून दोन गोळ्या शिल्लक होत्या. रागवायचंही त्राण निशिगंधात उरलं नव्हतं. तिने दोन्ही गोळ्या म्हातारीच्या तळहातावर काढल्या, रजिस्टरमध्ये ‘पट्टी रिकामी, गोळ्या नियमित’ लिहिलं आणि नवी पट्टी दिली. “आता रोज एक.” “व्हय,” म्हणत कुशाबाईंनी सुट्या गोळ्या पिशवीत गुंडाळल्या. “गाडी परत बंद झाली म्हंजी?”