खंड्याचा मालक

"मालक कोण?" अंगणात लशीची पेटी ठेवत डॉक्टर अश्लेषानं विचारलं.

"हे काय, बसल्यात की," राहीबाईनं बाजेवरच्या नवऱ्याकडं मान वळवली.

"तसं नाही हो, मावशी. कुत्र्याचा मालक."

राहीबाई पदर तोंडाला लावून हसली. नाथाजी हसला नाही. मुंबईच्या गोदीत आयुष्य काढून तो नुकताच माण तालुक्यातल्या या घरी कायमचा राहायला आला होता. तो उठला. "घर माझं हाय. कुत्रं बी माझंच."

"मग धरा त्याला. लस टोचायचीय."

नाथाजीनं हात पुढं केला तसा खंड्या गुरगुरला. दात दिसले. नाथाजी मागं सरला. राहीबाई खाली बसली, कुत्र्याची मान काखेत घेतली आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "झालं हं, माझ्या राजा." सुई आत गेली तरी खंड्या हलला नाही.

"सकाळपासून या वाडीत हेच बघतेय," डॉक्टर म्हणाली. "घरोघरी कुत्रं आहे, पण धरायला बाईच लागते. बाप्ये सगळे मुंबईला. कुत्री तरी त्यांना कुठून ओळखणार?"

ती पुढच्या घरी गेली. नाथाजीच्या डोक्यातून 'राजा' जाईना. त्याला ती लग्नापासून 'आवं' म्हणत आली होती. तेवढंच.

दुपारी तव्यावरची पहिली भाकरी तिनं खंड्यासमोर मोडली. मग दुसरी ताटात वाढत नवऱ्याला विचारलं, "तिखट चालतं न्हवं तुमास्नी?"

"पयली त्येला का?"

"सवय हाय."

ती रानात खुरपायला गेली. खंड्या तिच्यामागं निघाला, तर तिनंच त्याला माघारी धाडलं, "घर राख." तो उंबऱ्यावर येऊन आडवा झाला. नाथाजीला आत जायचं होतं. कुत्रं उठेना. आपल्याच घरात शिरायला तो वळसा घालून परसदारानं गेला.

तेवढ्यात गुंडा धनगर मेंढरं घेऊन कराडाकडं निघालेला दिसला. नाथाजीनं त्याला हाक मारली. "कुत्रं नेतोस का रं, गड्या? राखणीला लय चांगलं हाय."

"वैनी काय म्हणतील?"

"तिला काय इचारायचं? मी देतोय न्हवं!"

गुंडानं भाकरीचा तुकडा दाखवत खंड्याच्या गळ्यात दोरी अडकवली. कुत्रं रानाच्या दिशेनं तोंड करून अडून बसलं. मग ओढत गेलं. नाथाजी उंबऱ्यावर पाय पसरून बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

दिवस मावळायला राहीबाई गवताचा भारा घेऊन आली. "खंड्या कुठं हाय?"

"गुंडाला दिला. आता मी हाय की घरात."

भारा तिच्या डोक्यावरच राहिला. भांडणाला तोंड द्यायचं म्हणून नाथाजीनं दुपारभर उत्तरं जुळवून ठेवली होती. एकही लागलं नाही. तिनं भारा टाकला, हात धुतले, चूल पेटवली. पहिली भाकरी त्याच्या ताटात पडली. त्यानं ती गरम गरम खाल्ली, दुसरी मागून घेतली. मग गळ्याभोवती टॉवेल टाकून जरा देवळाकडं बसायला गेला. बायको आज वळणावर आली, असं त्याला वाटत होतं.

घटकाभरानं तो परतला तर दार लागलेलं. त्यानं ढकललं. आतून कडी होती. खंड्या उंबऱ्यावर असायचा तेव्हा ही कडी कधी लागली नव्हती. शेजारच्या घरी अजून ताटं वाजत होती, पोरं खेळत होती. एवढ्यात कडी कशाला?

त्यानं दार वाजवलं. आत चुलीपाशी विळा उचलल्याचा आवाज झाला.

"कोण हाय?"

"अगं, मी."

आतली पावलं दारापर्यंत आली. मग राहीबाईचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"मी कोण?"