डोंगरातली कबर

जोहे गावातल्या शकूबाईचा मुलगा अक्षय जहाजावर नोकरीला होता. ग्रीसच्या एका बेटाजवळ तो बुडाला. किनाऱ्याला लागलेलं त्याचं प्रेत डोंगरातल्या एका गावाने आपल्या स्मशानात पुरलं.

कबरीतून अस्थी काढून आणून धरमतरच्या खाडीत सोडायच्या म्हणून शकूबाई सून किमयाला घेऊन तिकडे गेली. घाट चढताना बसमधले पर्यटक पवनचक्क्यांचे फोटो काढत होते; ती डोळे मिटून बसली होती.

अक्षयच्या कबरीपाशी काळ्या कपड्यातली एक म्हातारी दिवा लावत होती.

"तिचा लेक पण दर्यात गेला, तो गावलाच नाय," किमयाने वाट दाखवायला आलेल्या बसच्या ड्रायव्हरला इंग्रजीत विचारून सांगितलं. "रोज हितंच येते."

शकूबाई म्हातारीशेजारी बसून राहिली. मग उठली.

"चल गो घरी."

"आई, आनि अस्थी?"

"ऱ्हाऊ दे. तिला रडायला दुसरी जागा नाय."