एकशेआठ नावांचा तांदूळ

"ही साठ एमएमची लेन्स नको," स्पृहाने लेन्स काउंटरवर परत ठेवली. "इतकं जवळ जावं लागतं की हिचीच सावली तांदळावर पडेल."

गिरगावात भाड्याने लेन्स देण्याच्या धंद्यात मनमोहनशेठ मुरलेले होते. मुंग्या, फुलपाखरं, साखरपुड्याच्या अंगठ्या, सगळ्यांसाठी त्यांनी लेन्स दिल्या होत्या. तांदळाच्या दाण्यासाठी मात्र आजवर कुणी आलं नव्हतं.

"एवढं काय आहे त्या दाण्यावर?"

"एकशेआठ नावं. आमच्या आजोबांनी लिहिलीत." स्पृहाची मान आपोआप ताठ झाली.

शेठजींनी चटकन हात जोडले. स्टुलावर बसलेले आजोबा, वसंत घाडी, नुसते हसले.

लालबागच्या त्यांच्या चाळीतही सगळे असेच हात जोडत. गिरणी बंद पडली त्या वर्षी आजोबांनी तो दाणा लिहिला. तेव्हापासून दर गणपतीत मंडळ तो काचेच्या डबीत घालून मूर्तीच्या पायाशी ठेवी. 'श्रींच्या १०८ नावांचा तांदूळ' ही पाटी मंडळानेच रंगवून घेतली होती. साध्या भिंगातून दिसायच्या त्या फक्त बारीक काळ्या ओळी.

यंदाचा नवा सेक्रेटरी विक्रांत तळेकर भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, "कशावरून नावं आहेत? नुसत्या रेघोट्या पण असतील. फोटोत वाचता आलं तर ठेवू, नाहीतर डबी काढून टाकू."

आजोबा डबी घेऊन घरी आले. स्पृहाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या आजोबांना खोटं ठरवायची याची काय बिशाद!

शेठजींनी दुसरी लेन्स काढली. "ही शंभरची. चार बोटं अंतर राहतं, उजेड आत शिरतो. नेहमीच्या मॅक्रोपेक्षा दुप्पट मोठं दाखवते. पण ऑटोफोकस नाही हां. हातानेच फिरवायला लागेल."

स्पृहा घुटमळली. दाण्याची पाठ पडली गोलसर. एका फोटोत एखाद-दुसरी ओळ स्पष्ट येणार, बाकीच्या पुसट. म्हणजे फोकस केसभर सरकवत साठेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग कॉम्प्युटरवर जोडून एकच चित्र करायचं. मध्ये हात जरा हलला की सगळं मुसळ केरात.

"हीच घे, बाय," आजोबा पहिल्यांदाच बोलले. "एक पण नाव सुटता कामा नये."

"नाही सुटणार, आजोबा."

"आणि मोठा छाप. चाळीतल्या म्हाताऱ्यांना लांबून वाचता यायला हवं. नजर गेलीय एकेकाची."

रविवारी सकाळी खोलीतला पंखा बंद झाला. ट्रायपॉडवर कॅमेरा चढला. फोकसची कडी आजोबांनीच फिरवली. गिरणीच्या साचाखात्यात वीस वर्षं माग चालवलेला तो हात शहात्तराव्या वर्षीही कापला नाही. स्पृहा बटण दाबत होती आणि मनातल्या मनात विक्रांतला नाक घासायला लावत होती.

त्याला तिने मुद्दाम बोलावलंच होतं. तो आला, सोबत कमिटीचे दोघे. खोलीच्या दारात शेजारपाजारही जमले.

कॉम्प्युटरने एकेक फोटो जोडायला घेतला. पुसट ओळी हळूहळू निवळल्या. काळ्या शाईची रेखीव, गोटीबंद अक्षरं, काना-मात्रा जागच्या जागी. खोलीत एकदम गलका झाला. स्पृहाचे डोळे भरून आले. एवढा अभिमान तिला स्वतःच्या पदवीचाही वाटला नव्हता.

"चुकलो, आजोबा," विक्रांत ओशाळून म्हणाला.

"असू दे रे. आता वाच. मोठ्याने वाच."

विक्रांतने चपला काढल्या, हात जोडले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"साचाखातं, दिवसपाळी. भिवा परब. इब्राहिम शेख. सोनू घाग. गंगाराम तळेकर..."