रविवारचा नमस्कार

आईवडिलांचा मान राखणाऱ्या घराचीच भरभराट होते, हा कन्फ्यूशियसचा विचार हृषिकेशने स्टुटगार्टच्या मराठी मंडळात इतक्या तळमळीने मांडला की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो नुसतं बोलायचा नाही, पाळायचाही. दर रविवारी अकरा वाजता साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल, आणि बाबा दिसले की घरातल्या सगळ्यांनी स्क्रीनसमोर वाकून नमस्कार. लेक ओवी जर्मनमध्ये कुरकुरायची, पण वाकायची.

आई गेल्यावर त्याने बाबांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. पहिल्याच रविवारी बाबा लवकर आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, साताऱ्याहून आणलेला आपला टॅब समोर उभा करून सोफ्यावर बसले. हृषिकेशला भरून आलं. आज पहिल्यांदा दोघांच्या मध्ये स्क्रीन नव्हती. ओवीला हाक मारून तो बाबांच्या पायांशी वाकला.

बाबांनी संकोचून पाय मागे घेतले. "अहो, जरा बाजूला होता का? आमच्या हृषिकेशच्या फोनची वेळ झालीय."


हृषिकेश उठला, आतल्या खोलीत गेला आणि त्याने बाबांना व्हिडिओ कॉल लावला.