देव गाडीतच बसले

दांडगे घराण्यात जावयाचा मान आजवर कधी उणा पडलेला नाही. घराण्याला जावई मिळून सातच महिने झाले होते, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे खुलताबाद मागं टाकून म्हैसमाळच्या रस्त्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली, तेव्हा नानासाहेब दांडगे आधी गाडीकडं नाही, जावयाकडं वळले.

“पाव्हणं, उठायचं नाय.”

मे महिन्याची सुट्टी होती आणि त्यातच अधिक महिना आला होता. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात, आणि तेवढ्यापुरतं त्याला देव मानतात. औरंगाबादच्या तहसिलीत अव्वल कारकून असलेल्या नानासाहेबांना एवढ्यावर थांबणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी देवाला पांढरा सफारी शिवला आणि म्हैसमाळच्या थंड हवेला काढलं. गाडी सेकंडहँड होती. टेप मात्र कोरा करकरीत होता आणि त्यात शहागंजातून भरून आणलेल्या, नानासाहेबांच्या जीव की प्राण कव्वाल्या होत्या.

देवाचं नाव बद्रीनाथ. ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. लग्नाच्या वेळी नानासाहेब सगळ्यांना “जावई एसटीत आहेत” एवढंच सांगायचे आणि थांबायचे. पुढचं साहेबपण ऐकणारे आपापल्या परीनं जोडून घ्यायचे.

दौलताबादचा घाट लागल्यापासून बद्रीनाथांनी दोनदा टेपचा आवाज कमी केला होता. नानासाहेबांनी तो तीनदा वाढवला होता.

“मामा, ऐका जरा. इंजिन मिसिंग मारतंय.”

“तो ढोलक हाय, पाव्हणं.”

आता ढोलक चालू होता आणि इंजिन बंद होतं. नानासाहेबांनी बॉनेट उघडलं, फाईल पाहावी तसं आतलं सगळं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शेरा न मारता बॉनेट लावून टाकलं.

“पॉईंट खराब झाला असंल,” बद्रीनाथ खिडकीतून म्हणाले. “पॉलिश पेपर मारला की झालं. दहा मिनिटं.”

“अन् हात काळे करायचे? धोंड्याच्या महिन्यात? तुमी आज देव हायेत.”

“मामा, देवाचा रोजचा धंदाच ह्यो हाय.”

“गाडीला बोट लावलं तर माझी शपथ हाय.”

शपथेपुढं इलाज नव्हता. गाडी वळवून खुलताबादेकडं ढकलायचं ठरलं. थोडा उतार होता, तेवढीच गाडीची मदत. नानासाहेब एका हातानं स्टिअरिंग धरून दारापाशी, द्वारकाबाई आणि लेक आशा मागं. देव आत, मांडीवर धोंड्यांचा डबा घेऊन.

“नाना, माहेरवाशिणीला काई मान असतो का नाय?” आशानं मागून विचारलं.

“तू घरची. ढकल.”

“तरी म्हन्लं व्हतं, बसनं जाऊ,” द्वारकाबाई पदर खोचत म्हणाल्या. “पन ह्यांना टेप ऐकायचा व्हता.”

टेप अजून चालू होता. समोरून आलेला एक सायकलवाला उतरून बाजूला उभा राहिला.

“पेशंट हाय का?”

“जावई हाय!” नानासाहेब म्हणाले. छाती भरून आली होती. दमही लागला होता, पण तो वेगळा. आपल्या सगळ्या भावकीत जावयाला असं कुणी मिरवलेलं नाही, हे त्यांना त्या उतारावर अगदी स्वच्छ दिसलं.

गावाच्या तोंडाशी मजीदचं गॅरेज होतं. मजीद पाना घेऊन आला, वाकला, आणि आत कोण बसलंय ते पाहून पाना तिथंच ठेवून त्यानं खिडकीतून हात घालून बद्रीनाथांचे गुडघे धरले.

“उस्ताद! तुमी?”

मग तो नानासाहेबांकडं वळला. “साहब, मी जो काय हाय तो यांच्यामुळं. चार बरस यांच्या हाताखाली होतो. पैठणपासून कन्नडपर्यंत निम्म्या गॅरेजवाल्यांचे हे उस्ताद हायेत. कान लावून बिमारी सांगतात.”

नानासाहेब जावयाकडं पाहतच राहिले. साहेब हाताखाली शिपाई बाळगतात. हा माणूस जिल्हाभर शागीर्द बाळगून होता. सात महिने आपण उगीच “एसटीत आहेत” म्हणून थांबत होतो. त्यांचे डोळे पाणावले.

“मजीद, पॉईंट बघ,” बद्रीनाथ म्हणाले.

मजीदनं कानाच्या पाळ्या धरल्या. “तुमच्यासमोर मी पैला हात लावू? तौबा. तुमी नुसतं बोट लावा उस्ताद, मग सगळं मी करतो.”

सगळे नानासाहेबांकडं पाहू लागले. एका बोटापुरती शपथ सोडायची होती.

“अहो, सोडा की,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मेकॅनिक असते तर सोडलीबी असती,” नानासाहेब म्हणाले. “एवढा मोठा उस्ताद! मी त्यांना बॉनेटखाली वाकवू? आता तर नायच नाय.”

मजीदला हे मनोमन पटलं. त्यानं नानासाहेबांचा हात हातात घेतला. दोघांनी मिळून गाडी सावलीला लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. मजीदनं चहा मागवला, उस्तादांना पहिला कप दिला. असा मान कुठं पाहिला नाही, असं चहावालाही म्हणाला.

पाच वाजता औरंगाबादची काळी-पिवळी जीप आली. ड्रायव्हरला अधिक महिन्याची कल्पना नव्हती. त्यानं बायकांना मधल्या सीटवर दाटून बसवलं, नानासाहेबांना वयाकडं बघून पुढं घेतलं, आणि जावयाला मागं लटकायला सांगितलं.