प्रतिदेहाचा रविवार

दवाखान्यातल्या पडद्यावर मारुतराव चव्हाणांचा प्रतिदेह दिसत होता. त्यांच्याच रक्तावरून संगणकानं घडवलेला हा दुसरा मारुतराव साठीनंतरही दर रविवारी मटण खात होता आणि रोज म्हशीचं दूध पीत होता. खऱ्या मारुतरावांचं दोन्ही साठी लागताच त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, बंद केलं होतं.

"दोघांचं हृदय सारखंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना पथ्याचा उपयोग होतो. यांना झाला नाही, इतकंच."

रविवारी शेजारी मटण शिजायला लागलं की नवऱ्याला वास येऊ नये म्हणून सुमनबाई खिडकी लावून घ्यायच्या.

"तुमच्या भल्यासाठीच केलं मी," परतताना त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला."

त्या रविवारी सुमनबाईंनी पाट्यावर वाटण वाटून मटणाचा तांबडा रस्सा केला. मारुतरावांनी दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"बिघडलाय का?"

"झकास झालाय. मलाच आता जात नाही गं." त्यांनी ताट हळूच सरकवलं. "त्या पडद्यातल्याला वाढ."

ताट उचलताना सुमनबाईंचं लक्ष खिडकीकडे गेलं. आजही त्यांनी ती लावूनच घेतली होती.